बॅटरीच्या सायकलचा चौथा दिवस

माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हयग्रीव नादस्वरवाल्याच्या शेजारी जाऊन बसला होता. त्याला विचारायचं होतं, की इतका वेळ सलग फुंकताना तू श्वास घेतोस कधी. बिचाऱ्याने उत्तर देण्यासाठी तोंडातलं वाद्य काढलं आणि नेमकी मुहूर्तावर वाजंत्री बंद पडली. माझे सासरे जाईपर्यंत त्या गोष्टीचा राग धरून होते. हयग्रीवाला मात्र उत्तर मिळालं होतं आणि तो खूष होता.

आम्ही दोघे कुंभकोणमचे, मेलकावेरीतले. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या काळात इकडे आले ते इकडचेच झाले. हयग्रीव इथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मदतनीस होता आणि मी टपालखात्यात पत्रं निवडत होतो. माझं लिहिण्याचं मराठी पुण्याहून येणाऱ्या मासिकांवर पोसलेलं आहे. घरात आम्ही बोलतो ते निराळं. तिकडची माणसं ते ऐकलं की हसतात आणि बखरीतली भाषा म्हणतात. हसोत बापडी.

हयग्रीवाचा सगळा संसार सायकलवर चालायचा. बाजार, बँक, देऊळ, कुणाच्या घरचं तेरावं, सगळीकडे तो सायकलवर. एक्क्याण्णव साली महामहम तळ्यापाशी तो पडला आणि त्याचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आता पॅडल मारायचं नाव काढायचं नाही. त्याचा मुलगा शेषाद्री दूर होसूरला नोकरीला होता. तो दर पत्रात लिहायचा, की घर विका आणि दोघंही इकडे या.

दुसरा कुणी असता तर काठी घेऊन ओट्यावर बसला असता. ह्याने एका भंगारवाल्याकडून जुन्या मोटारगाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर आणली, ती मागच्या चाकाला साखळीने जोडली, कॅरियरवर लाकडी पेटी ठोकून तीत गाडीची बॅटरी बसवली आणि पॅडल काढून तिथे पाय ठेवायला दोन पट्ट्या लावल्या. दीड वर्ष हे चालू होतं. त्र्याण्णवच्या जानेवारीत ती सायकल पहिल्यांदा गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायला विसरली.

त्याची बायको वेदवती दारात उभी राहून पाहत होती. ती कमी बोलणारी बाई. त्या दिवशी मात्र तिने अट घातली, आणि ती माझ्यासमोर घातली.

"गल्लींत फिरणें म्हणजे कांहीं नव्हे. चार दिवस बाहेर फिरून या. चौथ्या दिवशीं दिवेलागणीच्या आंत ही गाडी आपल्या चाकांवर घरीं आली, तर आपण हेथेंच राहूं. ढकलत आणलांत, कीं बैलबंडींत घालून आणलांत, तर शेषाद्रीस येतों म्हणून लिहायचें. सरी?"

"सरी," हयग्रीव म्हणाला, म्हणजे ठीक. एवढं मोठं ठरवताना त्याने एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यात प्रथमच असं झालं असेल.

तो गेला असता तर माझं काय झालं असतं, हे मी इथे स्पष्टच लिहितो. माझी बायको रुक्मिणीबाई चार वर्षांपूर्वी गेली होती. मुली आपापल्या घरी. संध्याकाळी हयग्रीवाच्या ओट्यावर बसून त्याच्या प्रश्नांना वैतागणं, एवढंच मला उरलं होतं. म्हणून गुडघे माझेही साठीचे असताना मी माझी साधी पॅडलची सायकल काढली आणि त्याच्याबरोबर निघालो.

पहिल्या दिवशी मायवरम, दुसऱ्या दिवशी पुंपुहार, जिथे कावेरी समुद्राला मिळते. तिसऱ्या दिवशी उलटे फिरून तिरुनीलक्कुडीला माझ्या चुलत बहिणीच्या, पंकजाच्या, घरी मुक्काम. गाडी एका दमात वीस-बावीस किलोमीटर जायची. मग तांदळाची गिरणी, नातेवाइकाचं घर, जिथे वीज असेल तिथे हा आपला चार्जर लावून बसायचा. लोक जमायचे. हा त्यांना सांगायच्या ऐवजी त्यांनाच विचारत राहायचा. गिरणीवाल्याला पट्टा घसरतो का, कोळ्याला मीठ लागून जाळं किती वर्षं टिकतं. पुंपुहारला मी संगमात स्नान केलं आणि तांब्याचा एक लहान चंबू भरून तीर्थ घेतलं. त्यात तुळस घातली आणि तोंडाला फडकं बांधलं. तीन दिवस गाडीने कुठे दगा दिला नाही. चौथा दिवस तेवढा राहिला होता आणि घर सरळ रस्त्याने पंधरा किलोमीटरवर होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बॅटरी पंकजाच्या ओट्यावर चार्ज होऊन तयार होती. हयग्रीवाला देवळात जायची घाई झाली होती. तिरुनीलक्कुडीच्या महादेवाला तेलाचा अभिषेक करतात आणि कितीही तेल ओतलं तरी लिंग ते पिऊन टाकतं, असा तिथला महिमा आहे. आम्ही वैष्णव, पण तेल कुठे जातं हे पाहायला ह्याला वैष्णवपण आड येत नव्हतं.

"वरदा," तो मला म्हणाला, "सहा कप्पे आहेत. प्रत्येकांत रेघेपर्यंत पाणी घाल. त्या तपकिरी बाटलींतलें. विहिरींतलें अजिबात नको. शुद्ध पाणीच पाहिजे, कळ्ळें कीं नाहीं?"

"चौतीस वर्षें मी टपाल निवडलों. सहा भोंकांत पाणी घालतां येणार नाहीं काय मला?" मी म्हणालो.

तो लंगडत गेला. मी धोतर सावरून बसायला गेलो आणि पायाचा धक्का लागून ती तपकिरी बाटली ओट्यावरून खाली पडली. प्रयोगशाळेतून मागून आणलेलं तिच्यातलं पाणी पंकजाच्या रांगोळीवर सांडून गेलं.

आता काय करावं? हयग्रीवाला सांगितलं असतं तर तो काही रागावला नसता. पण बाटली कोणत्या कोनातून पडली हे त्याने तासभर विचारलं असतं, आणि त्याआधी मी जे वाक्य टाकलं होतं ते मला गिळावं लागलं असतं. विहिरीचं पाणी नको म्हणाला होता. शुद्ध पाहिजे म्हणाला होता. मी विचार केला, माझ्या पिशवीत जे आहे त्याहून शुद्ध पाणी ह्या जिल्ह्यात कुठे मिळणार? मी चंबूचं फडकं सोडलं, संध्येची पळी काढली आणि कावेरीचं नाव घेत सहाही कप्प्यांत तीर्थ घातलं. रेघ बघूनच घातलं, थेंब इकडे-तिकडे जाऊ दिला नाही. झाकणं घट्ट लावल्यावर मी बॅटरीला नमस्कारही केला.

संगमाचं पाणी म्हणजे अर्धा समुद्र. ते खारट असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्यात नाकातोंडात पाणी जाईपर्यंत बुडी मारली होती. पण एकदा चंबूत भरून तुळस घातली की ते तीर्थ झालं. तीर्थ खारट की गोड हा विचार आमच्या घरात कधी कुणी केलेला नाही.

हयग्रीव देवळातून परतला तो तोंडभर बोलतच. गुरुजींना त्याने विचारलं होतं, की रोज किती तेल ओततात, कोणत्या ऋतूत जास्त जिरतं, दगडाला हात लावून बघता येईल का. गुरुजींनी शांतपणे सांगितलं, की तुम्ही पुढच्या जन्मी आमच्या घरात जन्म घ्या, मग हात लावा. हा त्या उत्तरावरही खूष होता. "पाणी घातलास?" त्याने विचारलं. "घातलों," मी म्हणालो.

आम्ही निघालो. माघ लागला होता, भाताची कापणी चालू होती आणि रस्त्यावर लोकांनी मळणीसाठी लोंब्या पसरल्या होत्या. हयग्रीवाची गाडी त्यावरून सुईंग करत जायची आणि मी मागून धापा टाकत. तास-दीड तासाने तो एकदम थांबला आणि नाक वर करून हुंगू लागला.

"वरदा, कसला वास येतोय?"

मलाही येत होता. नगरपालिकेचे लोक साथीच्या दिवसांत विहिरीत पावडर टाकतात, तसा.

"ब्लीचिंग पावडर," तो म्हणाला. त्याने पेटी हुंगली, मग झाकण हुंगलं. "बॅटरींतूनच येतोय रे! असा वास कधीं येत नाहीं. तूं काय घातलास?"

"शुद्ध पाणीच घातलों," मी म्हणालो. खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही, पण कानशिलं तापली.

त्याने वहीत वेळ आणि वास लिहून ठेवला. दुसरा कुणी असता तर सरळ घर गाठलं असतं. पण गाडी नीट चालत होती, दिवस हातात होता, आणि ह्याला नाचियार्कोविलला वाकडी वाट करायची होती. तिथे दगडी गरुड आहे. उत्सवात त्याला गाभाऱ्यातून उचलायला चौघे लागतात, थोडं पुढे आले की आठ, मग सोळा, मग बत्तीस, आणि देवळाबाहेर चौसष्ट. परत जाताना वजन तसंच उतरत जातं. "त्या खांदेकऱ्यांपैकीं कोणी भेटला तर विचारूं, वजन कोठल्या पायरीपाशीं वाढतें," तो म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं. पण नको का, हे त्याने विचारलं असतं.

नाचियार्कोविलला त्याला खरंच एक म्हातारे खांदेकरी भेटले. देवळाच्या सावलीत पान चघळत बसलेले. हयग्रीवाने त्यांचा खांदा पाहिला. बैलाच्या मानेसारखा घट्टा होता त्यावर. वजन कुठे वाढतं हे विचारल्यावर म्हाताऱ्यांनी पानाची पिंक टाकली. मग तमिळमध्ये म्हणाले, की चाळीस वर्षं उचलतोय, पण खाली बघून चालतो, पायऱ्या कधी मोजल्या नाहीत. त्यांनीच उलट ह्याला विचारलं, की ह्या सायकलला ओढणारं कोण आत बसलंय. दोघांचं असं जमलं की तीन वाजले.

तिथून निघालो आणि कुंभकोणमच्या वाटेवर निम्म्यात गाडी रडू लागली. आवाज बारीक झाला, चाक मंदावलं, आणि एका चिंचेखाली ती थांबली. घर पाच-सहा किलोमीटरवर. घड्याळात साडेतीन.

हयग्रीव खाली बसला. त्याने आपलं काचेचं नळीवालं यंत्र काढलं आणि एकेका कप्प्यातलं आम्ल तपासलं. तिसऱ्या कप्प्याशी तो थबकला. चिमट्याने त्याने आतून काहीतरी काढलं आणि रुमालावर ठेवलं. काळं पडलेलं, आक्रसलेलं, पण देठासकट होतं. तुळशीचं पान.

त्याने पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगून टाकलं. बाटली, धक्का, चंबू, पळी.

"संगमाचें पाणी?" तो म्हणाला. "मीठ! तरीच क्लोरीन निघाला! किती पळ्या घातलास?"

"हयग्रीवा, मी तुझें घर बुडवलों रे."

"किती पळ्या तें सांग आधीं."

"कप्प्यास दोन. शेवटच्यास दीड."

त्याने ते वहीत लिहिलं. मला संताप आला. मी त्याला म्हणालो, की शिव्या दे, दोन थोबाडीत मार, पण लिहीत काय बसलास! तो म्हणाला, "शिव्या दिल्यानें मीठ बाहेर येतें काय?" आणि झाकणं लावत राहिला. पण एकच झाकण त्याने तीनदा काढून लावलं. ते मी पाहिलं, आणि मग मला शिव्यांची गरज उरली नाही.

एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने दोर टाकून ओढून नेतो म्हणून सांगितलं. हयग्रीव नको म्हणाला. मी माझं अंगवस्त्र काढलं, माझ्या सायकलला बांधून ओढतो म्हणालो.

"आणि वेद विचारली तर?" तो म्हणाला.

"आपल्या चाकांवरच तर जातेय गाडी. खोटें कोठें?"

"वरदा, ती विचारील कीं नाहीं हें मला ठाऊक नाहीं. पण विचारली, तर मला खोटें सांगतां येणार नाहीं."

दहा मिनिटांनी त्याने सहज कळ दाबली आणि गाडी हलली! चारशे-पाचशे पावलं गेली आणि पुन्हा मेली. त्याचा चेहरा उजळला. विश्रांती दिली की बॅटरी थोडी सावरते, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं, पण किती सावरते हे कुणी लिहिलेलं नव्हतं. मग आमचं तेच सुरू झालं. थांबायचं, दहा-बारा मिनिटं बसायचं, चालायचं, मरायचं, पुन्हा बसायचं. दर वेळी तो पावलं लिहायचा. मी सूर्याकडे बघायचो. भाताच्या शेतांवरून बगळे परतायला लागले, आणि मला रडू कोसळलं. मी तोंड फिरवून रडलो. त्याला दिसलं असणार, पण ह्या बाबतीत त्याने काही विचारलं नाही.

गावाच्या वेशीशी आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. आमचा अकरावा थांबा होता. "गेली दिवेलागण," मी म्हणालो.

"गेली," तो म्हणाला. मग म्हणाला, "होसूर थंड असतें म्हणतात. तेथें कावेरी नाहीं." हे वाक्य प्रश्न नव्हतं. हयग्रीवाच्या तोंडून असं वाक्य ऐकायची मला सवय नाही.

"चल, आतां ढकलूं. वेळ तर टळली," मी म्हणालो.

"वेळ माझ्या हातची गेली. चाकें अजून आहेत."

मेलकावेरीत शिरलो तेव्हा घराघरांतून रेडिओवर सव्वासातच्या तमिळ बातम्या ऐकू येत होत्या. प्रत्येक ओट्यावर पणती, प्रत्येक खिडकीत उजेड. गाडी चौदाव्यांदा थांबून पुन्हा चालू झाली होती आणि मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी हयग्रीवाच्या घराकडे पाहिलं. पूर्ण काळोख. वीज गेली म्हणावं तर शेजारी उजेड होता. वेदवती चाळीस वर्षांत सूर्य बुडायच्या आधी देवापाशी दिवा लावल्याशिवाय राहिलेली नव्हती. तापात असायची तेव्हाही भिंत धरत उठून लावायची. हिला काय झालं, असं माझ्या मनात आलं. हयग्रीवाच्याही आलं असणार, कारण त्याने गाडीवरूनच हाक मारली, "वेद!" मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"ओरडूं नका. हेथेंच आहें," ती म्हणाली.

ती अंधारात ओट्यावर बसली होती. गाडी अगदी पायरीपाशी येऊन मगच थांबली. तिच्या मांडीवर काड्यापेटी होती. तिने चाकांकडे पाहिलं, मग हयग्रीवाच्या गुडघ्याकडे, मग रस्त्याकडे, मागे बंडी वगैरे आहे का ते पाहायला.

"आलां? पाय धुवा. मी दिवा लावतें. दिवेलागण व्हायची आहे अजून."

मी पुढे होऊन म्हणालो, "वहिनी, गाडीचा दोष नाहीं. मी बॅटरींत तीर्थ घातलों. मीठ गेलें आंत. गाडी वेळेवर आली असती. पाप माझें आहे."

"वरदराव, तुम्ही तीर्थ घातलांत, ठीक. मी देवास अंधारांत ठेवून बैसलें आहें. कोणाचें पाप मोठें तें उद्यां ठरवूं," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. ती नवऱ्याकडे वळली. "अवघ्या जगास तुम्ही विचारतां. गुरुजींस विचारतां, गिरणीवाल्यास विचारतां, देवळांतल्या दगडासही सोडीत नाहीं. वेद, तुला होसूरास जायचें आहे काय, हें मला एकदां तरी विचारलांत?"

गल्लीत बातम्या चालू होत्या. हयग्रीव गाडीचा दांडा धरून उभा होता.

"अट तूं घातलीस," तो म्हणाला.

"घातलें. दर खेपेस शेषाद्रीचें पत्र वाचून तुम्ही गप्प बैसायचां. मला वाटलें, तुम्हांस जायचें आहे आणि सांगवत नाहीं. अट ऐकून तरी तुम्ही विचाराल म्हणून वाट पाहिलें, तर तुम्ही सरी म्हणून निघालां. कोणी विचारलें नाहीं तर मी काय करूं? दिवाच ठेवलें न लावतां."

हयग्रीवाने गाडी भिंतीला टेकवली. लंगडत एक पायरी चढला आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसला. मी निघून जायला हवं होतं, पण तिथेच उभा राहिलो.

"वेद," तो अगदी हळू म्हणाला, "तुला जायचें आहे काय?"

तिने काडी ओढली. पहिली विझली, दुसरी विझली. तिसरी पेटली तेव्हा त्याने वाऱ्याकडे हात आडवा धरला. ती उठली आणि उंबऱ्यातून आत जाता जाता म्हणाली, "नाहीं."